सीट कव्हर घेताना बाजूच्या एअरबॅगचाही विचार व्हावा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा या मुहूर्तांवर सोलापुरात नव्या गाड्यांची जी खरेदी होते, तिच्यात थार, थार रॉक्स, जिमनी, गुरखा अशा कच्च्या वाटेवर चालणाऱ्या गाड्या आता ठळकपणे दिसू लागल्या आहेत. चाकाखाली लिंबू चिरडले, पेढे वाटून झाले, की गाडीचा पुढचा थांबा बहुधा ॲक्सेसरीजचे दुकान असतो आणि तेथील पहिली मागणी सीट कव्हरची असते. या मागणीत गैर काहीच नाही. मात्र दुकानात चर्चा होते ती रंगाची, शिलाईच्या नक्षीची आणि भावाची. सीटच्या आत काय बसवलेले आहे याची विचारपूस ग्राहक करीत नाही आणि दुकानदारही आपण होऊन सांगत नाही. या एका बाबीकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र.

आपल्या जिल्ह्यात अशा गाडीला कव्हर लागते, हे आधीच मान्य करतो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पाऊस झाल्यावर बुटांना आणि कपड्यांना चिकटून येणारा चिखल, उन्हाळ्यात करमाळा-बार्शीकडील गाडीवाटांवर उडणारा फुफाटा आणि चाळीस अंशांच्या वर गेलेल्या पाऱ्यात येणारा घाम, यांपुढे कोणतीही सीट फार काळ नवी राहत नाही. २०२० साली आलेल्या थारमध्ये तळ धुऊन पाणी बुचातून काढून टाकण्याची सोय होती, पण काही प्रकारांत सीट मात्र कापडी होत्या. म्हणजे पायाखालचे धुता येते आणि बसण्याची जागा धुता येत नाही. थार रॉक्स तर फिकट, जवळजवळ पांढऱ्या रंगाच्या सीट घेऊन बाजारात आली. काळ्या मातीच्या मुलखात पांढरी सीट विकण्याचे धाडस ज्याने केले, त्याने सीट कव्हरवाल्यांची दिवाळीच केली म्हणायची.

प्रश्न उभा राहतो तो सीटच्या पाठीच्या कडेला. सहा एअरबॅग असलेल्या गाडीत दोन एअरबॅगा समोर असतात, दोन पडद्यासारख्या खिडक्यांवरून उतरतात आणि उरलेल्या दोन पुढच्या सीटच्या पाठीत, दाराकडील बाजूला शिवलेल्या असतात. समोरून टक्कर झाली तर माणसाच्या पुढे बॉनेटची लांबी असते. बाजूने टक्कर झाली तर दार आणि बरगड्या यांच्यामध्ये जेमतेम वीतभर अंतर उरते. म्हणून बाजूची एअरबॅग धडकेनंतर साधारणपणे १० ते २० मिलिसेकंदांत फुगावी लागते, आणि पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. कारखान्यात सीटचे कापड शिवताना या जागेची शिवण मुद्दाम अशी ठेवलेली असते, की आतून दाब येताच ती ठरलेल्या ठिकाणी उसवावी. त्यावर फोम लावलेले जाड रेक्झिन आले आणि त्याला दुहेरी शिलाई घातलेली असली, तर एअरबॅगला बाहेर पडायची वाट राहत नाही. ती उशिरा फुगेल, भलत्या दिशेने फुगेल किंवा पूर्ण उलगडणारच नाही, आणि इतक्या कमी वेळाच्या खेळात थोडासा उशीरही न फुगण्याइतकाच वाईट.

ही बाब आपल्या बाजारात दुर्लक्षित का राहिली, याचे कारण मला कारागिरांच्या निष्काळजीपणापेक्षा सवयीत दिसते. त्यांचा हात वर्षानुवर्षे बोलेरो आणि जुन्या थारवर बसला. २०२० च्या तीन दारी थारमध्येही दोनच एअरबॅगा होत्या, त्याही समोरच्या. त्यामुळे सीट चारही बाजूंनी घट्ट बांधून काढणे, ज्याला दुकानात बकेट फिटिंग म्हणतात, हेच चांगल्या कामाचे लक्षण ठरले. पुढे २०२३ मध्ये जिमनी आणि २०२४ मध्ये थार रॉक्स आली. या दोन्हींत सहा एअरबॅगा सर्व प्रकारांत दिल्या गेल्या. केंद्र सरकारने सहा एअरबॅगांच्या सक्तीचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये काढला होता, त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सक्तीचा विचार बाजूलाही ठेवला. तरीही टक्कर-चाचण्यांवरून गाड्यांना तारे देणाऱ्या भारत एनकॅपच्या तारांकनामुळे आणि स्पर्धेमुळे सहा एअरबॅगा गाड्यांत येतच राहिल्या. सीट बदलली, शिवण्याची रीत मात्र तीच राहिली.

बाजूच्या एअरबॅगशी जुळणारी कव्हरे मिळत नाहीत, असे नाही. काहींत दाराकडील कड मोकळी सोडलेली असते, तर काहींत तेवढ्याच भागात लवकर तुटणारा धागा वापरून शिवण घातलेली असते आणि तशी पट्टी बाहेर लावलेली असते. पैकी मोकळ्या कडेचे कव्हर मला अधिक भरवशाचे वाटते, कारण ते डोळ्यांनी तपासता येते. धागा खरोखर कच्चा आहे की नुसतीच पट्टी लावली आहे, हे दुकानात उभे राहून कोणालाही कळणार नाही. शिवाय एअरबॅग दाराच्या बाजूला असल्यामुळे अशी कव्हरे डावी आणि उजवी वेगळी असतात. घाईत त्यांची अदलाबदल झाली, तर कच्ची शिवण आतल्या बाजूला जाते आणि एअरबॅगेवर पक्की शिवण येते. आणखी एक धोका चांगुलपणातून येतो. कडेची शिवण सैल दिसली, तर आपल्याकडचा प्रामाणिक कारागीर ती न मागता, फुकटात, पक्की करून देतो. त्याला आधीच सांगून ठेवलेले बरे.

कव्हर बसवण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. घट्ट फिटिंगसाठी सीट बोल्ट काढून बाहेर घेतली जाते, तेव्हा तिच्याखाली एअरबॅगचे पिवळे कनेक्टर सोडवावे लागते. बॅटरीची ऋण तार काढून काही मिनिटे थांबल्याशिवाय त्याला हात लावू नये, ही वर्कशॉपमधील रीत आहे. ते सुटलेले असताना कोणी गाणी लावण्यासाठी किल्ली फिरवली, तर डॅशबोर्डवरील एअरबॅगचा दिवा लागतो आणि पुष्कळ गाड्यांत तो स्कॅनर जोडल्याखेरीज जात नाही. सीट परत बसवताना बोल्ट कंपनीने सांगितलेल्या ताकदीनेच आवळले पाहिजेत, आणि त्यासाठी टॉर्क पाना लागतो. नुसता हाताचा अंदाज चालत नाही, कारण अपघातात सीट आणि तिच्यावरचे माणूस जागच्या जागी राहते ते याच बोल्टांवर. सीट न काढता बसणारे कव्हर घेतले, तर ही यातायात वाचते, मात्र त्याचे पट्टे आणि हूक सीटखालच्या तारांत किंवा रुळांत अडकणार नाहीत, हे विजेरी लावून स्वतः वाकून पाहावे लागते. तीन दारी गाडीत मागे जाण्यासाठी पुढची सीट दुमडते. तेथे सैल लोंबणारा पट्टा हमखास अडकतो.

चालकाशेजारच्या सीटमध्ये माणूस बसल्याचे ओळखणारा सेन्सर असतो, कारण १ जुलै २०१९ पासून पुढच्या दोन्ही सीटसाठी बेल्टची आठवण करून देणारी घंटा बंधनकारक आहे. कव्हर फार ताणून बांधले, की रिकाम्या सीटवरही ती घंटा वाजू लागते, आणि मग मालक कव्हर सैल करण्याऐवजी बाजारातून खोटे बकल आणून खोबणीत घालतो. हा उपाय दुखण्यापेक्षा भयंकर आहे. मागच्या सीटवर लहान मुलांची सीट अडकवण्याची आयसोफिक्सची कडी आणि बेल्टचे बकल झाकले जाते, तेही लहान मुले असणाऱ्या घरांनी पाहून घ्यावे.

आता कापडाविषयी. सोलापूरच्या उन्हात काळे, चकचकीत रेक्झिन हा माझ्या मते सर्वांत चुकीचा पर्याय आहे. ते तापते, घाम शोषत नाही आणि उतारावर किंवा ब्रेक लावताना त्यावरून अंग पुढे सरकते. सरकणाऱ्या माणसाच्या कमरेवर बेल्ट जिथे बसायला हवा, तिथे राहत नाही. हवा खेळवणाऱ्या सीट असलेल्या गाडीवर छिद्रे नसलेले कव्हर चढवणे म्हणजे पैसे देऊन घेतलेली सोय पैसे देऊनच बंद करणे होय. निओप्रीन हे रबरी कापड पाणी अडवते खरे, परंतु ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांपेक्षा आपल्याकडे घामाने भिजणारे जास्त, आणि घामाला ते फारसे उपयोगी नाही. जाड सुती कॅनव्हास खरखरीत वाटला, तरी श्वास घेतो, घसरत नाही आणि काढून धुता येतो. धुणे महत्त्वाचे, कारण कव्हराखाली साठलेली बारीक वाळू मूळ सीट काचपेपरसारखी घासते आणि पावसाळ्यात अडकलेली ओल बुरशी धरते. गाडीच्या आतील कापड किती वेगाने जळते, याची कसोटी आयएस १५०६१ या भारतीय मानकात आहे. सिगारेटची ठिणगी पडताच वितळणारे स्वस्त कृत्रिम कापड त्या कसोटीला उतरेल का, हा प्रश्न दुकानात कधी ऐकू येत नाही.

खरे तर या प्रश्नांची उत्तरे द्यायला सोलापूरइतके योग्य गाव दुसरे नाही. भौगोलिक निर्देशन मिळालेली चादर आणि टेरी टॉवेल येथेच विणले जातात, आणि पुष्कळ जण आजही सीटवर टॉवेल अंथरून कव्हराचे काम भागवतात. बुडाखाली अंथरलेल्या टॉवेलला माझी काहीच हरकत नाही. पाठीवरून ओढून कडेला खोचलेली चादर मात्र एअरबॅगच्या वाटेत येते. येथील विणकरांनी व शिलाई उद्योगाने जिमनी आणि रॉक्ससारख्या गाड्यांच्या मापाचे, कड मोकळी सोडलेले सुती कॅनव्हासचे कव्हर बनवून वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेत एअरबॅग फुगवून तपासून घेतले, तर त्याला केवळ जिल्ह्यातच नव्हे तर बाहेरही गिऱ्हाईक मिळेल. मागणी दारात उभी आहे, सूत घरात आहे, आणि आपण बाहेरून आलेले रेक्झिन विकत बसलो आहोत.

सरकारला ॲक्सेसरीजच्या बाबतीत काही करता येत नाही, असेही कोणी समजू नये. गाडीपुढच्या लोखंडी बुल बारवर कारवाई करण्यास केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते. वर उल्लेखलेल्या खोट्या बकलांच्या विक्रीविरुद्धही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ई-व्यापार कंपन्यांना आदेश दिले. त्याच धर्तीवर, बाजूची एअरबॅग असलेल्या गाडीसाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कव्हरावर ते कोणत्या गाडीच्या कोणत्या वर्षाच्या सीटसाठी आहे आणि एअरबॅगसह तपासले आहे की नाही, हे छापणे बंधनकारक व्हावे. तोपर्यंत ग्राहकाने दुकानाच्या बिलावर ‘बाजूच्या एअरबॅगशी सुसंगत’ अशी नोंद आग्रहाने मागावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादनाच्या दायित्वाची तरतूद आहे, आणि तोंडी आश्वासनापेक्षा बिलावरची ओळ अशा वेळी अधिक कामाची ठरते. जो दुकानदार अशी नोंद द्यायला कचरतो, त्याच्या कव्हराबद्दल वेगळे काही विचारायला नको.

येत्या दसऱ्यापूर्वी आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर, कोणत्या गाडीच्या कोणत्या प्रकारात सीटमध्ये एअरबॅग आहे याची यादी, आणि सीटच्या कडेवरची ‘एसआरएस एअरबॅग’ ही खूणपट्टी कुठे शोधावी हे दाखवणारे छायाचित्र छापावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर