शाळा बंद पडल्याची बातमी छापता, मग चालू वर्गाचीही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात मराठी शाळांबद्दल जे छापून येतं ते मी वाचते, म्हणजे वाचावंच लागतं, कारण माझा मुलगा भांडुपला मराठी शाळेत चौथीत आहे आणि सोसायटीच्या ग्रुपवर कोणी ना कोणी कात्रणाचा फोटो टाकून "बघा, अजून एक गेली" असं लिहितंच. पट घसरला, तुकडी बंद केली, इमारत धोकादायक ठरली, शिक्षक अतिरिक्त ठरले. खोटं काही नाही त्यात. पण वर्षभर एवढंच वाचलं तर माणसाला वाटणारच ना की आत काही चालतच नाही, पोरं नुसती बसलीयत आणि कुलूप कधी लागतंय बघतायत. दुसरी बातमी येते ती स्नेहसंमेलनाची. अध्यक्षस्थानी अमुक, प्रमुख पाहुणे तमुक, दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले, आणि मध्येच कुठेतरी "विद्यार्थ्यांनी विविध गुणदर्शनाचे कार्यक्रम सादर केले". झालं. पोरांच्या वाट्याला एक ओळ.

तर माझी मागणी साधी आहे. आठवड्यातून एकदा, मुंबईतल्या कुठल्याही एका प्राथमिक वर्गात त्या आठवड्यात काय झालं ते छापा. पाहुणे नकोत, टक्केवारी नको. सोमवार ते शनिवार काय झालं तेवढंच.

हे डोक्यात कुठून आलं ते सांगते. आमच्या मुलाच्या वर्गात बाईंनी यंदा जूनपासून एक पद्धत सुरू केलीय. दर आठवड्याला दोन मुलं बातमीदार. ती आठवडाभर लक्ष ठेवतात आणि शनिवारी दुरेघी वहीच्या एका पानावर वर्गाच्या बातम्या लिहितात, बाई फक्त वाचून बघतात आणि फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकतात. बस. शुद्धलेखन बाई मुद्दाम दुरुस्त करत नाहीत, त्यावरून एका पालकांनी कुरकुर केली होती, मग बाईंनी सांगितलं की चुकलेले शब्द सोमवारी फळ्यावर घेतो, पण पान आहे तसंच जाणार. मला पटलं ते.

आता ग्रुपवर एरवी काय असतं ते सगळ्या पालकांना माहीत आहे. आधार अपडेट करा, गणवेश उद्या, अमुक लिंक भरा, आणि खाली अंगठ्यांची रांग. प्रगतिपुस्तक मिळतं सत्राच्या शेवटी, त्यात वर्णनात्मक नोंदी असतात, "वर्गकार्यात उत्साहाने सहभागी होतो", "चित्रे छान रंगवतो". माझ्या मुलाची चित्रं मी बघितलीयत, छान वगैरे काही नाही. त्या नोंदी तयार यादीतून उतरवतात हे आता गुपित राहिलेलं नाही आणि मी शिक्षकांना दोष देत नाही, तीसचाळीस मुलं, प्रत्येक विषयाच्या नोंदी, वर बीएलओची म्हणजे मतदार याद्यांची कामं, सर्वेक्षणं, झाड लावल्याचा फोटो अपलोड, वाचन केल्याचा फोटो अपलोड. शिक्षण हक्क कायद्यात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामं द्यायची नाहीत असं स्पष्ट लिहिलंय, २०१० पासून कायदा लागू आहे, आणि तरी आमच्या बाई मधल्या सुट्टीत मोबाईलवर काहीतरी भरतच असतात. त्याच कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे कमीत कमी २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचं असंही आहे. आठशे तास मूल आपल्या नजरेआड असतं आणि आपल्याला कळतं काय तर उत्साहाने सहभागी होतो.

जुलैतलं एक पान माझ्याकडे अजून फोनमध्ये आहे. त्या आठवड्यात बाईंनी पेपरातला तलावांचा चौकोन आणायला सांगितला होता, तो पावसाळ्यात तुम्ही सगळेच पेपरवाले छापता ना, सात तलाव, कुठे किती पाणी. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. आम्ही मोठी माणसं त्यात शेवटची टक्केवारी बघतो आणि पाणीकपात होणार की नाही एवढं ठरवतो. तलाव पूर्ण भरले की किती पाणी मावतं ते आकडे पोरांनी घेतले. सातांचं मिळून १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यात एकट्या भातसाचे ७,१७,०३७, आणि तुळशीचे फक्त ८,०४६. एवढे मोठे आकडे चौथीला झेपणार नाहीत म्हणून बाईंनी हजारांत करून घेतले, भातसा ७१७ आणि तुळशी ८, आणि म्हणाल्या करा भागाकार. बातमीदारांनी लिहिलंय ते जसंच्या तसं देते:

"भातसात तुळशी ८९ वेळा बसते आणि ५ उरतात. ते ५ कुठे ठेवायचे ते बाईंनी सांगितले नाही. मुंबईचे जवळजवळ अर्धे पाणी भातसात असते. पवई तलाव यादीत नाही कारण ते पाणी प्यायचे नाही. एक मुलगी म्हणाली माझ्या मामाच्या गावाला शहापूरला उन्हाळ्यात टँकर येतो. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यातच आहे. मग आमचे वर्गात भांडण झाले. बुधवारी खिचडीत वाटाणे जास्त होते. प्रश्न: आपल्याकडे पाणी सकाळी थोडाच वेळ का येते?"

मला सांगा, शहापूरच्या पाण्यावर अग्रलेख किती लिहिले गेले असतील, पण नऊ वर्षांच्या मुलीने वर्गात उभं राहून मामाचं गाव सांगितलं आणि बाकीची भांडली, ही बातमी नाही तर काय आहे. आणि भातसा निम्म्या मुंबईला पाणी पाजतो हे मला स्वतःला त्या पानावरून नीट कळलं, मी तर भांडुपची, जलशुद्धीकरण केंद्र आमच्या डोक्यावर आहे.

पुढचं अजून ऐका. त्या शेवटच्या प्रश्नाला रविवारी ग्रुपवर एका वडिलांचा व्हॉइस मेसेज आला. हे गृहस्थ मीटिंगला कधी दिसले नव्हते. पालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले आहेत. चावीवाला म्हणजे काय हे मुंबईच्या बाहेरच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल, गल्लोगल्लीचे व्हॉल्व वेळेवर उघडणारा आणि बंद करणारा माणूस. त्यांनी सांगितलं की पाणी तलावातून थेट नळाला येत नाही, भांडुपला शुद्ध होतं, मग टेकडीवरच्या साठवण टाक्यांमध्ये चढतं, मलबार हिलच्या हँगिंग गार्डनखाली आहे ना तशा, आणि तिथून एकेका भागाला पाळीने सोडतात कारण सगळ्यांना एकदम सोडलं तर उंचावरच्या चाळीला थेंब मिळणार नाही. बाईंनी त्यांना लगेच शाळेत बोलावलं. ते आले ते चावी घेऊनच, लांबलचक लोखंडी, वर आडवा दांडा. पोरांनी ती जमिनीवर आडवी ठेवून आपल्या पंधरा सेंटिमीटरच्या पट्टीने मोजली, अकरा पट्ट्या भरली, म्हणजे एक मीटर पासष्ट सेंटिमीटर, वर्गातल्या सगळ्या पोरांपेक्षा उंच. मग आटे मोजत फिरवायचं म्हणजे कसं ते त्यांनी करून दाखवलं, अर्धवट उघडला तर कुठल्या गल्लीतून आधी फोन येतो तेही सांगितलं आणि त्यावर पोरं जाम हसली. पुढच्या शनिवारच्या पानावर हे सगळं आलं, फक्त आटे किती याच्यावर दोन बातमीदारांचं एकमत झालं नाही म्हणून दोन्ही आकडे दिलेत. (आपल्या प्रतिनिधींनाही ही पद्धत सुचवा.)

एका पानावरच्या एका प्रश्नामुळे हे घडलं. वर्णनात्मक नोंदीने घडलं असतं का.

बाकीच्या पानांवर दर वेळी असं काही भारी असतंच असं नाही हां. पंखा बिघडला, खडू संपले, कोण पडलं, कोणाचा डबा मांजरीने खाल्ला. एका आठवड्यात तर निम्मं पान कबुतराने कपाटावर घरटं केलं त्याच्यावर होतं. पण मेगाब्लॉकचं, म्हणजे रविवारी दुरुस्तीसाठी लोकलचे मार्ग काही तास बंद ठेवतात त्याचं, गणित मला फार आवडलं होतं. परिपाठात रोज एक मूल बातम्या वाचतं, पेपरातल्या ठळक, आणि खरं सांगायचं तर तुमचे मथळे पोरांना वाचायला द्यावेत असे फार थोडे असतात, कोणी कोणाला काय म्हणालं, कोणी कोणाला कापलं. म्हणून मुलं आपली हवामान, क्रिकेट आणि मेगाब्लॉक निवडतात. तर एका शुक्रवारी कोणीतरी वाचलं, माटुंगा ते मुलुंड, सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५. बाईंनी विचारलं किती वेळ ब्लॉक? निम्म्या वर्गाने पंधरा पंचावन्नमधून अकरा पाच वजा केले आणि बाकीच्यांनी बोटावर तास मोजले, उत्तर दोन्हीकडे चार तास पन्नास मिनिटं. आणि मग घरी येऊन आमच्या चौथीतल्या साहेबांनी जाहीर केलं की रविवारी आत्याकडे कुर्ल्याला जायचं असेल तर अकराच्या आत निघा. गेलो. वेळेवर पोचलो.

२०२४ पासून शाळांमध्ये आनंददायी शनिवार आलाय, त्यात वेगवेगळे उपक्रम घ्यायचे असतात. कल्पना चांगली आहे. पण बऱ्याच ठिकाणी त्याचंही पुन्हा फोटो काढा आणि अपलोड करा असं झालंय, पोरं रांगेत उभी करून हातात झाडाचं रोप नाहीतर फलक. आमच्या बाईंनी शनिवारची शेवटची तासिका पानालाच देऊन टाकली, आणि वरून कोणी विचारलं तर उपक्रम म्हणून दाखवता येतं. हुशार बाई आहे.

माझ्या नणंदेची मुलगी मोठ्या इंग्लिश शाळेत जाते. तिच्याकडेही दर आठवड्याला न्यूजलेटर येतं, रंगीत पीडीएफ, सगळी पोरं इस्त्रीच्या कपड्यांत कॅमेऱ्याकडे बघून हसतायत, खाली लाइफ स्किल्स, लीडरशिप, कॉन्फिडन्स. पाच पानं चाळली तरी एकाही मुलाने काय विचारलं ते सापडलं नाही. मी हे वाईट म्हणून सांगत नाही, फी भरणाऱ्याला तसं लागत असेल. पण लोक शाळा निवडताना तेच बघतात आणि आमच्याकडे दाखवायला काय, तर पट घसरल्याचं कात्रण. माझ्या शेजारणीने यंदा मुलीला पहिलीला कुठे घालायचं विचारलं तेव्हा मी शाळेची इमारत, निकाल काही बोलले नाही, चावीवाल्याचं पान दाखवलं. तिने शेवटी इंग्लिशलाच घातली ते सोडा. पण पान तिने दोनदा वाचलं.

आता तुम्ही म्हणाल जागा नाही. अहो वाढदिवसाच्या शुभेच्छांना पाव पान मिळतं, नेत्याच्या खाली पंचवीस कार्यकर्त्यांचे चेहरे. तिथली एक ओळ कमी करा. आम्हाला दीडशे शब्द पुरे. पण दोनतीन गोष्टी आधीच सांगून ठेवते नाहीतर याचंही बाकीच्यासारखंच होईल. मुलांनीच लिहिलेलं घ्या, शिक्षकांना नवीन काम लावू नका, आणि मुख्याध्यापकांचं मनोगत वगैरे तर अजिबात मागू नका. मुलांचे फोटो नकोत, पूर्ण नावंही नकोत, हल्ली फोटोंचं काय होतं तुम्हाला माहीत आहे आणि डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा पण अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची परवानगी लागते असंच सांगतो. त्यापेक्षा पानाचाच फोटो छापा, खाडाखोडीसकट. आणि कृपा करून स्पर्धा लावू नका. उत्कृष्ट वर्गवार्ता पुरस्कार वगैरे सुरू झालं की पालक घरी बसून लिहून देतील, आम्ही प्रकल्पवह्या कशा करतो ते तुम्हाला सांगायला नको.

आणि फक्त मराठी माध्यमच हवं असं माझं म्हणणं नाही. पालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात, आमच्या बाजूच्याच इमारतीत हिंदी आणि उर्दूचे वर्ग आहेत, तमिळ, तेलुगू, कन्नड, गुजराती शाळा आहेत शहरात. तिथली पोरंही मराठी शिकतातच, त्यांनी मोडक्यातोडक्या मराठीत लिहिलेलं पान तर मला आधी वाचायला आवडेल. सातवीपर्यंतची पण चालतील, पण मोठी मुलं भाषण लिहायला लागतात, चौथीपर्यंतचीच मजा आहे.

बाईंना मी विचारून ठेवलंय, त्या तयार आहेत. मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांच्या सह्या घ्याव्या लागतील त्या आम्ही व्यवस्थापन समितीतल्या आया मिळून घेऊ. पान शनिवारी साडेबारापर्यंत तयार होतं, त्यामुळे तुम्हाला रविवारसाठी द्यायचं असेल तर मजकूर किती वाजेपर्यंत लागतो ते कळवा, म्हणजे बातमीदारांना तसं सांगता येईल. या आठवड्याचे दोघं जरा हळू लिहितात.

आपली,
एक पालक
भांडुप (पश्चिम), मुंबई