फोन उचलणाऱ्यांना एजंट म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की युरोपात आफ्रिकेतल्या निर्वासितांसाठी भांडणारे जे कोण आहेत ते सगळे एजंट, तेच बोलावतात म्हणून ही माणसं होडीत बसतात, आणि बुडाली तर बुडाली, कोणी सांगितलं होतं जायला. मी ३१ वर्षं बोटीवर काढली, शेवटची १२ बोसन म्हणजे डेकवरच्या खलाश्यांचा मुकादम म्हणून, आता रिटायर होऊन गुहागरला घरी असतो. पत्र लिहिणारे काका ठाण्याचे आहेत, त्यांनी खाडीपलीकडचं पाणी किती बघितलंय कोण जाणे, राग मानू नये, पण मला हे वाचून रात्री झोप लागली नाही म्हणून लिहायला बसलो.

२०१५ चा जुलै. आमची बोट तुर्कस्तानातून स्पेनला चाललेली, बल्क कॅरिअर, माल नाही, नुसती बॅलास्टवर, म्हणजे पाण्यापासून डेक चांगला दोन-तीन मजले वर. सिसिलीच्या खाली असताना रोमच्या रेस्क्यू सेंटरचा मेसेज आला, अमुक पोझिशनला रबरी होडी आहे, जा. कॅप्टनने लगेच वळवली, यात विचार करण्यासारखं काही नसतं, सोलासचा, म्हणजे समुद्रावरच्या सुरक्षेच्या जागतिक कराराचा, नियमच आहे आणि नियम नसता तरी आमच्याकडं कुठला तांडेल बुडणाऱ्याला बघून पुढं गेलाय? दीड तासाने दिसली. आपल्याकडं पोरं विहिरीत टायरची ट्यूब घेऊन पोहायला शिकतात ना, तशी दिसत होती लांबून, जवळ गेलो तर वर माणसंच माणसं. शिडीवर एकेकाला वर घेताना मी मोजली, १०४.

एवढ्या उंच बोटीवर होडीतनं माणूस घेणं म्हणजे काय असतं ते सांगतो. पायलट लॅडर म्हणजे दोरीची शिडी सोडली, बाजूला जाळं सोडलं, पण होडी लाटेबरोबर वर-खाली होते, शिडी तिथंच राहते, आणि सगळे एकदम एका बाजूला उठतात. मी घसा फोडून बसा बसा म्हणून ओरडत होतो, मराठीत ओरडत होतो हे मला नंतर पोरांनी सांगितलं. बायकांच्या मांड्या भाजलेल्या, आधी कळेना आग कुठं लागली, तर होडीच्या तळात सांडलेलं पेट्रोल आणि खारं पाणी एकत्र होऊन त्यात तासन् तास बसल्याने कातडी सोललेली. आमच्याकडं डॉक्टर नाही, औषधाची एक पेटी आणि सेकंड ऑफिसर. माणसं आम्ही एकवीस, ती एकशेचार. मालवणच्या कुकने त्या दिवशी तीनदा डाळभात लावला, तिखट न घालता, आणि प्लेटी संपल्या म्हणून आइस्क्रीमच्या डब्यांच्या झाकणांवर वाढला.

त्यात एक पोरगा होता सतरा-अठराचा, आफ्रिकेतल्या एरिट्रिया देशाचा. वर आल्या आल्या पाणी न मागता त्याने पँटची कंबर उलटी करून दाखवली, आतल्या पट्टीवर बॉलपेनने एक नंबर लिहिलेला, अर्धा पुसलेला, आणि अब्बा अब्बा करत कानाला हात लावून दाखवायचा. आमचा दाभोळचा ऑइलर म्हणाला, बापाला फोन लावायचाय याला. नंतर कळलं, बाप नव्हे, तिकडं पाद्र्याला अब्बा म्हणतात.

त्या अब्बाचं नाव मग मी घरी आल्यावर पोरीकडनं शोधून घेतलं, फादर मुसी झेराई. एरिट्रियात अस्मारात जन्मलेला, १९९२ ला स्वतःच पोरवयात इटलीत आसरा मागायला आलेला, पुढं पाद्री झाला. होड्या जिथून सुटतात त्या लिबियाच्या तुरुंगात भिंतींवर त्याचा मोबाइल नंबर खरडलेला असायचा, एकाने दुसऱ्याला दिलेला. एरिट्रियात मिलिटरीची सक्ती आहे, कायद्यात दीड वर्ष लिहिलंय पण सोडतच नाहीत, म्हणून पोरं पळतात. ती पाण्यात अडकली की फोन याला. हा काय करायचा, तर नुसता कोस्ट गार्डला कळवायचा. मार्च २०११ मध्ये ७२ जणांची एक होडी त्रिपोलीहून निघाली, सॅटेलाइट फोनवरून यालाच कॉल आला, याने रोमला कळवलं, पोझिशन मिळाली, जवळपासच्या बोटींना इशारा गेला, त्या वेळी लिबियाचं युद्ध चालू असल्याने नाटोची जहाजं तिथं फिरत होती, आणि तरी कोणी त्यांना उचललं नाही. दोन आठवडे वाहत परत लिबियालाच लागली. वाचले ९. युरोपच्या कौन्सिलने नंतर चौकशी करून रिपोर्ट काढला, त्यात हे सगळं आहे. २०१५ ला याच फादरचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं आणि २०१७ मध्ये सिसिलीत ट्रापानीच्या सरकारी वकिलाने याचीच चौकशी लावली, की बेकायदा लोक आणायला मदत करतो म्हणून.

तसाच अलार्म फोन नावाचा मदतीचा एक फोन नंबर. ऑक्टोबर २०१४ पासून चालू आहे, वेगवेगळ्या देशांतली साधी माणसं पाळी लावून चोवीस तास फोनजवळ बसतात. त्यांची बोट नाही, काही नाही. होडीतल्यांकडून जीपीएसचे आकडे वाचून घेतात, कोस्ट गार्डला देतात, पुन्हा पुन्हा विचारतात गेलात का, आणि होडीतल्या फोनचा बॅलन्स संपत आला तर रिचार्ज मारतात. याला एजंट म्हणायचं?

एजंट कसा असतो ते आम्हा कोकणातल्या खलाश्यांना कोणी शिकवू नये. पोराला बोटीवर लावतो म्हणून तीन-चार लाख घेतो, कुठल्यातरी भंगार बोटीवर चढवतो आणि मग मोबाइल स्विच ऑफ. लिबियातला एजंटही तोच, पैसे घेऊन होडीत कोंबतो, स्वतः किनाऱ्यावर. आणि आपली पोरं पगाराविना, पाण्याविना आखाताबाहेर नांगर टाकून महिनोन् महिने अडकतात तेव्हा फोन कोण उचलतं? आयटीएफ या आंतरराष्ट्रीय कामगार युनियनचा इन्स्पेक्टर, नाहीतर सीमेन मिशनचा पाद्री. त्यांना आपण देवमाणूस म्हणतो.

आणि आता जे मला मुख्य सांगायचंय. हे लोक बोलावतात म्हणून होड्या येतात असं असतं तर इटलीच्या नेव्हीने ऑक्टोबर २०१४ ला मारे नोस्ट्रम हे बुडणाऱ्यांना वाचवायचं ऑपरेशन बंद केलं तेव्हा होड्या थांबायला हव्या होत्या. थांबल्या नाहीत, फक्त त्या आमच्यावर, म्हणजे मालाच्या बोटींवर पडल्या. १८ एप्रिल २०१५ च्या रात्री किंग जेकब नावाची मालवाहू बोट अशीच रोमच्या सांगण्यावरून एका मच्छीमारी बोटीच्या मदतीला गेली, ती माणसांनी खच्चून भरलेली, जवळ येताना येऊन किंग जेकबलाच आपटली आणि उलटली. आठशेच्या वर माणसं गेली, २८ वाचली. किंग जेकबवरच्या खलाश्यांची काय चूक? त्यांच्या जागी आम्ही असतो तर? आमच्याही वेळी सगळे एका बाजूला उठलेच होते. उंच बोट, वीस माणसं, ट्रेनिंग लाइफबोटीचं, आणि शेकड्याने माणसं अंधारात, हे काम आमचं नाहीच. ते काम करायला ज्यांच्याकडं बुटकी बोट, डॉक्टर, फास्ट डिंगी आहेत त्या संस्थांच्या बोटी जप्त केल्या, कॅप्टनांवर केसेस घातल्या. युवेंटा बोट २०१७ ला जप्त झाली, तिचे लोक एप्रिल २०२४ ला सुटले, तोवर बोट धक्क्यावर सडली.

२०२० मध्ये मर्स्क एटिएन टँकरने माल्टाच्याच सांगण्यावरून २७ जण उचलले, मग माल्टा घेईना, ३८ दिवस टँकर तसाच उभा, वैतागून तिघांनी पाण्यात उडी मारली, खलाश्यांनी त्यांना परत काढलं. शेवटी उतरवून कोणी घेतले, तर मेडिटरेनिया नावाच्या एका संस्थेच्या बोटीने. पुढच्या वेळी कुठला कॅप्टन वळवेल बोट? ओनर विचारतो ना, एका दिवसाचा खर्च किती.

युरोपने कोणाला ठेवावं, कोणाला परत पाठवावं ते त्यांचं सरकार, त्यांची कोर्टं बघतील, त्यातलं मला कळत नाही आणि सगळेच गरीब बिचारे असतात असंही माझं म्हणणं नाही, आमच्या डेकवर पण दोघं जण पाण्याच्या बाटल्यांवरून मारामारीवर आले होते. पण ते पुढचं झालं, आधी वर तर घ्या.

तो एरिट्रियाचा पोरगा सिसिलीतल्या ऑगस्टा बंदरात उतरला. फोन काही लागला नव्हता, कॅप्टनने दोनदा लावू दिला. उतरताना त्याने माझं पेन मागितलं आणि कंबरेच्या पट्टीवरचा पुसलेला नंबर परत गडद करून घेतला, पेन मात्र आठवणीने परत दिलं.

पत्र लांबलंय. जागा नसेल तर डाळभाताचं कापा, किंग जेकबचं कापू नका.

आपला,
एक निवृत्त बोसन,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी