परराज्यात जाताना पगाराआधी मुलाची इयत्ता पाहावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विदर्भातील तरुण कुटुंबे नोकरीसाठी हैदराबाद, बंगळुरू, इंदूर किंवा रायपूरकडे का वळतात, याविषयी आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून लिहून येते आणि वाचकही त्यावर हिरिरीने मते मांडतात. त्यांतील निम्म्या पत्रांचा सूर ‘गाव सोडू नका’ असा असतो आणि उरलेल्यांचा ‘इथे राहून करायचे तरी काय’ असा. ज्या घरात नेमणुकीचे पत्र प्रत्यक्ष येऊन पडले आहे आणि होकार कळवायला आठवडाच उरला आहे, त्या घराला या दोन्हींचा फारसा उपयोग होत नाही. बँकेच्या नोकरीत मी परराज्यांत राहिलो आहे आणि निवृत्तीनंतर आमच्या वस्तीतील मंडळी कागदपत्रांच्या चौकशीसाठी माझ्याकडे येत असतात, म्हणून हा हिशेब मला जसा दिसतो तसा मांडण्याचे धाडस करतो.

अंतराचा मुद्दा आधी निकालात काढतो. जायचेच असेल तर निदान पुण्याला जा, आपल्याच राज्यात तरी राहाल, असे घरातील वडीलधारे सांगतात. परंतु नागपूरहून हैदराबाद सुमारे ५०० किलोमीटर आहे, रायपूर ३०० च्या आत आहे आणि पुणे ७०० च्या पुढे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली सिकंदराबादची वंदे भारत सव्वासात तासांच्या आसपास पोहोचवते, तर ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या अजनी–पुणे वंदे भारतला बारा तास लागतात. दिवाळीच्या तोंडावर पुण्याहून येणाऱ्या ट्रॅव्हल्सचे भाडे कुठवर चढते, हे ज्यांनी मोजले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. वडिलांना रात्री दवाखान्यात न्यावे लागले तर हैदराबादचा मुलगा पुण्याच्या मुलाआधी पोहोचण्याचीच शक्यता अधिक आहे. शिवाय राज्याच्या सीमेचे आपल्याकडे फार कौतुक नसावे. १९५६ साली नागपूर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले आणि १९६० साली महाराष्ट्रात, म्हणजे आमच्या वडिलांच्या पिढीने घराचा उंबरठा न ओलांडता दोनदा राज्य बदलले. सौंसर-पांढुर्ण्याकडची मराठी घरे पलीकडे मध्य प्रदेशात राहिली आणि तीही सुखात नांदत आहेत.

सीमा अडते ती कागदावर, आणि सर्वांत जास्त अडते ती मुलांच्या शिक्षणात. ‘मुलाची दहावी होऊ द्या, मग जाऊ’ असे जवळपास प्रत्येक कुटुंब म्हणते. ऐकायला ते शहाणपणाचे वाटते, पण ज्या मुलाला डॉक्टर व्हायचे आहे त्याच्यासाठी याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात आणि ८५ टक्के राज्याच्या असतात. महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांसाठी अधिवास प्रमाणपत्राबरोबर दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. बोर्ड कोणतेही चालते, पण शाळा महाराष्ट्रातलीच हवी. तेलंगणात बारावीपर्यंतची सलग चार वर्षे तिथे शिकलेले असण्याची अट आहे आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. आता दहावी नागपुरात आणि बारावी हैदराबादेत केलेल्या मुलाचा विचार करा. त्याची महाराष्ट्रात बारावी नाही आणि तेलंगणात चार वर्षे नाहीत. धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही, अशा त्या मुलासाठी देशभराशी स्पर्धा असलेल्या १५ टक्के जागा तेवढ्या उरतात. नाहीतर खासगी आणि अभिमत महाविद्यालयांचे शुल्क, ज्याचा आकडा ऐकूनच बाप गप्प होतो.

आठवी संपताच संपूर्ण कुटुंबाने जावे आणि बारावीपर्यंत तिथेच राहावे, किंवा मुलाने नागपुरातच बारावी करावी आणि तोवर वडिलांनी एकट्याने खोली घेऊन राहावे, असे दोनच मार्ग मला निर्धोक दिसतात. पहिल्यात मूल नव्या राज्याचे होते, दुसऱ्यात ते इथले राहते. अभियांत्रिकीत अट इतकी कडक नाही, कारण आईवडिलांचा अधिवास महाराष्ट्राचा असेल तर बाहेर शिकलेल्या मुलालाही इथल्या सीईटीतून वाट मिळू शकते. मात्र व्हीएनआयटीसारख्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत (एनआयटी) गृहराज्याच्या निम्म्या जागांसाठी बारावी कोणत्या राज्यातून केली हे पाहतात. हैदराबादेत बारावी केली की नागपूरच्या व्हीएनआयटीचा हा हक्क जातो आणि वारंगळच्या एनआयटीचा मिळतो. हे नुकसानच आहे असे मी म्हणणार नाही.

दुसरी अडचण जातीच्या दाखल्याची. तिच्याविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही आणि म्हणूनच ती उशिरा कळते. महाराष्ट्रात अनुसूचित जाती किंवा जमातीचे असलेले कुटुंब स्थलांतर करून दुसऱ्या राज्यात गेले, तर त्या राज्याच्या नोकऱ्यांत आणि महाविद्यालयांत त्याला आरक्षणाचा लाभ मिळत नाही. त्याच नावाची जात तिथल्या यादीत असली तरीही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० पासून हेच सांगितले आहे. केंद्र सरकारच्या नोकऱ्या आणि केंद्रीय संस्था यांत मूळ राज्याच्या दाखल्यावर लाभ चालू राहतो. तेव्हा ज्या घराची दोन पिढ्यांची वाटचाल राज्याच्या सवलतींवर झाली आहे, त्याने पगाराच्या आकड्यातून ही वजाबाकी करूनच पाहावी. जाण्याचे ठरलेच तर मुलांचे जात प्रमाणपत्र गाव सोडण्यापूर्वी हातात असावे. पुढे जातवैधता प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा आणि ओबीसींना १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा, म्हणजे प्रवेश नोंदवहीतील नोंद, हैदराबादेत बसून नरखेड किंवा उमरेडच्या शाळेतून काढणे किती अवघड आहे, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

मोटारीचे प्रकरण त्यामानाने लहान आहे, पण वैताग मोठा आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवायची तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्याआधी इथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र हवे. कर्ज असेल तर त्यासाठी बँकेचे पत्र लागते, सर्व ई-चलने भरलेली असावी लागतात आणि अर्जाच्या प्रतींवर चासिस क्रमांकाची पेन्सिलीने घासून काढलेली छाप चिकटवावी लागते. एका शेजाऱ्यांनी बोनेटमध्ये डोके खुपसून ही छाप तीनदा काढली, कारण दर वेळी एक आकडा पुसट यायचा. नंतर तिकडे नव्याने कर भरायचा आणि इकडे उरलेल्या वर्षांचा परतावा मागायचा, जो मागणाऱ्याच्या चिकाटीवर अवलंबून असतो. २०२१ पासून मिळणारी ‘बीएच’ मालिका, म्हणजे राज्य बदलले तरी चालणारा नोंदणी क्रमांक, यावर चांगला उपाय आहे. तिच्यात कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. मात्र खासगी नोकरदाराला ती हवी असेल तर त्याच्या कंपनीची कार्यालये किमान चार राज्यांत असली पाहिजेत. जुनी गाडी असेल तर ती इथेच विकून जावे, असे माझे मत आहे.

भाषेची भीती मला अनाठायी वाटते. नागपूरचा माणूस हिंदीला बिचकत नाही आणि हैदराबादेत तेवढ्यावर रोजचे व्यवहार भागतात. शाळेत तेलुगू शिकावी लागेल, कारण तेलंगणाने २०१८ साली तसा कायदा केला आहे. आपणही २०२० साली मराठीसाठी तेच केले असल्याने तक्रारीला जागा नाही. लहान मूल ती दोन वर्षांत बोलू लागते. सातवी-आठवीच्या मुलाला मात्र नवी लिपी जड जाते, आणि इथेही पुन्हा प्रश्न इयत्तेचाच येतो. तिकडे तर्री-पोहे मिळत नाहीत, ही तक्रार मी हिशेबात धरत नाही.

पैशाबद्दल एवढेच सांगतो की, वाढलेल्या पगारातून तिथले घरभाडे, अनामत रक्कम, शाळेचे शुल्क आणि नागपूरच्या फेऱ्या वजा करून जे उरेल त्यालाच वाढ समजावे, आणि इथले घर पहिली काही वर्षे विकू नये. मागे राहणाऱ्या आईवडिलांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून एक आधार झाला आहे. सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारतचे कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि ते योजनेतील रुग्णालयांत राज्याबाहेरही चालते. मुलाकडे महिना-दोन महिने राहायला जाणाऱ्यांनी ते कार्ड आधीच काढून घ्यावे.

आम्ही बँकेत असताना बदली झाली तरी सोबत बरेच काही मिळत असे. निवासस्थान असे, सामान हलवण्याचा खर्च मिळे, मुलांना केंद्रीय विद्यालयात प्रवेश मिळण्याची चांगली शक्यता असे. आज खासगी कंपनीत जाणाऱ्याच्या पाठीशी यातले काहीच नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांतही सरकारी नोकर आणि सैनिक यांच्या मुलांना काही सूट आहे, खासगी नोकरदाराच्या मुलाला नाही. ज्या विदर्भात शिकलेल्या मुलांना पुरेसे काम मिळत नाही, तिथून पोटासाठी बाहेर गेलेल्या महाराष्ट्राच्या अधिवासी पालकांच्या मुलांना दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा राज्यातून दिलेली असल्यास पात्र धरावे, अशी माझी वैद्यकीय शिक्षण विभागाला विनंती आहे.

आपणालाही एक विनंती आहे. अधिवास आणि प्रवेशपात्रतेविषयीची माहिती वृत्तपत्रांतून जूनमध्ये, प्रवेशाची धावपळ सुरू झाल्यावर छापून येते. तोवर शाळा सोडल्याचे दाखले निघालेले असतात आणि घरभाड्याचे करार झालेले असतात. हीच माहिती, महाराष्ट्राबरोबर तेलंगणा, कर्नाटक, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या नियमांसह, आपण दरवर्षी जानेवारीत छापावी.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी,
त्रिमूर्तीनगर, नागपूर