दत्तनगरच्या घरात पहिला पावसाळा

नृसिंहवाडी

चि. सुहास,
अनेक आशीर्वाद.

नवं घर मनासारखं मिळालं म्हणालास, आनंद झाला. पण सांगलीतलं दत्तनगर, तेही तळमजला, म्हटल्यावर पुराच्या काळजीनं लिहायला बसले. घरमालकांनी भिंतीवरची २००५ च्या पुराची खूण दाखवून "याच्या वर पाणी येत नाही" असं सांगितलं ना? २०१९ ला सांगलीतली माणसं याच भरवशावर घरात बसली. २००५ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या पुढं होतं, २०१९ ला ५७ च्या वर गेलं. तेव्हा ती खूण विसर.

आयर्विनला इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५, पण तुमच्या भागात पाणी त्याआधीच शिरतं. आमच्याकडं दक्षिणद्वार झालं, म्हणजे नदीचं पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडलं, की लोक स्नानाला धावतात, मी माळ्यावर पोती चढवते. पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्तीसुद्धा नारायणस्वामींच्या देवळात हलवतात. देव वेळेवर निघतात, माणसंच "बघू उद्या" म्हणतात. सांगलीत पाऊस उघडला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. कोयना धरणातनं किती क्युसेक पाणी सोडलं ते बघ. ते पाणी तुमच्याकडं पोचायला बरेच तास लागतात, तेवढाच वेळ आपल्या हातात.

आणि पाणी आधी दारातनं येत नाही. बाथरूमच्या जाळीतनं, संडासातनं काळं पाणी बुडबुडत वर येतं. वाळूच्या पिशव्या आत्ताच भरून ठेव, जाळीवर आणि संडासाच्या भांड्यावर दाबायला. निघताना मेन स्विच बंद कर. रेग्युलेटर काढून सिलिंडर खिडकीच्या गजाला बांध, नाहीतर तरंगत घरभर आपटत फिरतो. कागदपत्रं, बाळाची औषधं, चार्जर एका पिशवीत. घराचे फोटो काढून ठेव, पंचनाम्याला लागतात.

निघायचं ते रस्ता कोरडा असताना. होडीची वाट बघत बसायचं नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला होडी उलटली, १७ जीव गेले. तेव्हा पाण्यात अडकलाच तर गच्चीवर जा, ११२ लावा आणि आलेल्या बोटीत लाईफ जॅकेट घालूनच बसा, गर्दी असेल तर पुढच्या फेरीला.

ओसरताना मात्र एक कर. पाणी घोट्याला आलं की त्याच पाण्यानं गाळ ढकलून काढायला लाग. एकदा वाळला की फावडं लागतं. पण गमबूट घालून, आणि आधी काठीनं कोपरे ठोकून. कपाटामागं साप असतात. पायाला जखम असेल तर पाण्यात जाऊच नकोस. नंतर ताप आला तर अंगावर काढू नकोस, लेप्टो (घाण पाण्यातनं होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) असू शकतो, डॉक्टरांना पुराचं पाणी लागलं होतं हे आवर्जून सांग.

सूनबाई आणि बाळ विश्रामबागेत मावशीकडं आधीच जाऊ देत. मी बोलले आहे तिच्याशी. तूही एकदा फोन कर, नाहीतर म्हणेल, पूर आल्यावरच भाच्याला मावशी आठवते.

तुझी आई