स्वॅबच्या रिपोर्टवरून सईला पत्र

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू फार वैतागली होतीस. तुमच्या मंगळावर जाणाऱ्या यानाच्या उपकरणावरून फिरवलेल्या स्वॅबमध्ये (निर्जंतुक बोळ्यात) जंतू जास्त निघाले, उपकरण पुन्हा पुसायला घेतलं, जोडणी लांबली, आणि वर, "मंगळावर मरायला आहेच कोण?" असं म्हणालीस. ते माझ्या डोक्यातून जाईना. माझा सगळा जन्म ऑपरेशन थिएटरात गेला, त्यामुळे या एका बाबतीत तुझ्याशी भांडायचा मला हक्क आहे.

रक्तात जंतू वाढतात का हे पाहायला रक्ताचं कल्चर घेताना कातडी नीट पुसली नाही तर बाटलीत जंतू वाढतात आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. तो जंतू रक्तातला की कातडीवरचा? डॉक्टरांची पंचाईत होते. औषध द्यावं तर कदाचित उगाचच, न द्यावं तर जिवाशी खेळ. तिथे निदान पुन्हा रक्त घेता येतं.

सर्व्हेयर ३ चं तसंच झालं. १९६७ साली चंद्रावर उतरलेल्या त्या यानाचा कॅमेरा अपोलो १२ च्या अंतराळवीरांनी १९६९ च्या नोव्हेंबरमध्ये काढून आणला. आतल्या फोममध्ये स्ट्रेप्टोकॉकस मायटिस सापडला, आपल्या तोंडात-घशात असतो तोच. अडीच वर्षं जंतू चंद्रावर तगला म्हणून केवढा गाजावाजा झाला! पुढे त्या तपासणीची जुनी फिल्म पाहिली, तर माणसं अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत काम करताना दिसली. आता बहुतेक जाणकार म्हणतात, तो प्रयोगशाळेतच चिकटला असणार. पण छातीठोकपणे कुणाला सांगता येत नाही. मंगळाबाबत असं झालं तर केवढं नुकसान! पृथ्वीबाहेर जीव आहे का, हा माणसाने इतकी शतकं विचारलेला प्रश्न, आणि उत्तर आलं तरी त्यावर विश्वास ठेवता येणार नाही.

१९७६ मध्ये उतरलेली व्हायकिंगची दोन्ही यानं त्यासाठीच उडण्याआधी सुमारे ११२ अंशांवर तीस-एक तास कोरड्या उष्णतेत ठेवली होती. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो. तुमच्या सगळ्या वायरी, बॅटऱ्या एवढी उष्णता सोसणार नाहीत, हे समजतं. म्हणून तर मंगळावर उतरणाऱ्या यानाला ३ लाख बीजाणूंची (म्हणजे कवचात निजलेल्या चिवट जंतूंची) मर्यादा आहे आणि चौरस मीटरला सरासरी ३०० ची. तुमचा तो स्वॅब ८० अंशांवर १५ मिनिटं तापवतात ना? साधे जंतू तिथेच मरतात. मग जंतू वाढवायच्या ताटलीत जे उगवतं ते बीजाणूंतून, म्हणजे सगळ्यात चिवट. तू ज्यांना "चार ठिपके" म्हणालीस, ते हे.

आणि यान जोडायच्या स्वच्छ खोलीत, म्हणजे क्लीनरूममध्ये, असे चिवटच उरतात, हे लक्षात ठेव. रोज पुसून, कोरडं ठेवून, उपाशी ठेवून आपण नाजूक जंतू मारतो; चिवटांना मोकळं रान मिळतं. टर्सिकॉकस फिनिसिस हा जंतू फ्लोरिडातल्या आणि फ्रेंच गयानातल्या यानांच्या क्लीनरूममध्येच सापडला. ऑटोक्लेव्हची, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राची, पट्टी काळी झाली की काम झालं, असं मानणाऱ्या नव्या मुलींना मी हेच सांगत आले. पट्टी उष्णतेचं सांगते. जंतू मेले का, हे बीजाणूंच्या चाचणीशिवाय कळत नाही.

तू म्हणशील, सोव्हिएत यान १९७१ मध्येच मंगळावर आदळलं, आता कसली स्वच्छता? अगं, तिथल्या उघड्या जमिनीवर अतिनील किरणं बरंचसं मारून टाकतात. भीती आहे ती खोल भेगांची, बर्फाची, जिथे थोडंफार पाणी असू शकेल अशा जागांची. आणि एकदा माणूसच गेला की त्याच्या पोटातले, कातडीवरचे जंतू बरोबर जाणारच. माणसाला काही भट्टीत घालता येत नाही. म्हणजे स्वच्छ शोध घ्यायची वेळ आत्ताच आहे, तुमच्या हातून.

गॅलिलिओ यान २००३ मध्ये गुरूत आणि कॅसिनी २०१७ मध्ये शनीत मुद्दाम बुडवलं, ते बर्फाखाली पाणी असलेल्या युरोपा आणि एन्सेलाडससारख्या चंद्रांवर चुकून आदळू नये म्हणूनच. अब्जावधींची यंत्रं जाळायला ते तयार झाले. तुझा आठवडा गेला तर जाऊ दे.

एक विचारायचं राहिलं. चंद्रावरून काही जंतू इकडे येऊ नयेत म्हणून अपोलो ११ च्या तिघांना २१ दिवस वेगळं ठेवलं, पण त्याआधीच समुद्रात यानाचं दार उघडलं होतं, आतली हवा बाहेर आली होती. मंगळावर पर्सिव्हरन्स या रोव्हरने दगड-मातीने भरून ठेवलेल्या नळ्या कधी पृथ्वीवर आणल्याच, तर त्या कुठे आणि कशा उघडायच्या यावर तुमच्याकडे काय बोलतात? सविस्तर लिही. आणि नवा रिपोर्ट आला की आकडा कळव, वाईट असला तरी.

तुझी,
आई