‘ग्राहक घरी नव्हता’ ही नोंद तपासणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइल मागवला आणि खोक्यातून साबणाची वडी निघाली, अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. त्यात फोटो असतो, पोलिसांत तक्रार असते, म्हणून त्यांची बातमी होते. मी लिहिते आहे ते त्याहून साध्या आणि रोजच्या त्रासाबद्दल. पार्सल आणणाऱ्याने आपल्या मशीनवर एक खोटे कारण टाकायचे आणि तिथून पुढे कंपनीने तेच खरे धरून ग्राहकाशी बोलायचे, हा तो त्रास. तालुक्याच्या गावांत आणि वाड्यांवर राहणाऱ्यांना तो इतका अंगवळणी पडला आहे की त्याबद्दल तक्रार करावी असेही कोणाला वाटेनासे झाले आहे.

आम्ही संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. गणपतीच्या बऱ्याच आधी घरातला मिक्सर जळला. बाजारात हवा तो मिळाला नाही, म्हणून ऑनलाइन मागवला. पार्सल ज्या दिवशी येणार होते त्या दिवशी आम्ही सगळे घरीच होतो. सासूबाई दिवसभर पडवीत निवडण करत बसल्या होत्या. संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला, ‘डिलिव्हरीचा प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नव्हता.’ कोणी आले नव्हते आणि फोनही वाजला नव्हता. दुसऱ्या दिवशी संदेश बदलला, ‘ग्राहकाने पार्सल घेण्यास नकार दिला.’ जे पार्सल आम्ही डोळ्यांनी पाहिले नाही ते नाकारले कधी?

मग कुरिअरच्या मुलाचा फोन आला. “काकू, तुमचं पार्सल आलंय, स्टँडजवळच्या ऑफिसातून घेऊन जा. आणि आत्ता एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगून ठेवा.” ओटीपी सांगितला की पार्सल आमच्या हातात पडले अशी नोंद होते, हे मला ठाऊक होते. मी सांगितला नाही. घरपोच सेवेचे पैसे बिलात घेतलेले असताना माझे पती रिक्षाने स्टँडवर गेले. तिथेही तोच नियम. आधी ओटीपी, मग पार्सल, आणि खोलून काय ते घरी जाऊन बघा.

घरी खोका उघडला. वरची चिकटपट्टी कोरी करकरीत होती. आतल्या चटणीच्या भांड्याच्या झाकणाची रबरी रिंग मात्र हळदीने पिवळी पडलेली. पात्याच्या खाली खोबऱ्याचा वाळलेला कीस अडकलेला आणि भांड्याला लसणाचा उग्र वास. खोक्यावर छापलेला सिरियल नंबर एक आणि मिक्सरच्या बुडाला चिकटवलेला दुसराच. म्हणजे कोणीतरी वापरून, कदाचित स्वतःचा जुना मिक्सर त्यात घालून, परत केलेला खोका कंपनीने न उघडता आमच्याकडे नवा म्हणून पाठवला होता. आमच्याकडे गणपतीच्या नैवेद्याला कांदा-लसूण चालत नाही. सासूबाईंनी ते भांडे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही, आणि त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

परत करायला घेतले तेव्हा खरी परीक्षा सुरू झाली. ॲपमध्ये आधी यंत्र बोलते. ते कारणांची यादी दाखवते आणि त्यातले एक निवडा म्हणते. ‘वापरलेली वस्तू आली’ असे कारण त्या यादीत नव्हते, म्हणून ‘सदोष’ निवडले. फोटो मागितले, ते दिले. पार्सल न्यायला मुलगा आला, त्याने मिक्सर उलटा करून बुडाचा नंबर पाहिला, आपल्या हातातल्या मशीनवरच्या नंबराशी ताडून पाहिला आणि म्हणाला, “नंबर जुळत नाही, मला नेता येणार नाही.” रात्री संदेश, ‘परत करण्यासाठी दिलेली वस्तू मूळ वस्तूशी जुळत नाही. विनंती नामंजूर.’ सरळ अर्थ असा की अदलाबदल आम्हीच केली. पैसे अडकल्याचे दुःख त्यापुढे काहीच नव्हते. आयुष्यात कोणाचा पैसा बुडवला नाही, आणि एका संदेशाने घरावर चोरीचा आळ आला.

फोन केला तर पुष्कळ वेळ संगीत ऐकावे लागते. माणूस भेटला की तो हिंदीत बोलतो. सासूबाईंसारख्या बाईने हे कसे निभवावे? दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कथा सांगायची. आणि प्रत्येकाचे उत्तर एकच, सिस्टीममध्ये असे दिसते आहे. सिस्टीममध्ये जे दिसते ते भरले कोणी, हे मी विचारले. उत्तर आले नाही, चॅट आपोआप बंद झाले आणि ‘आमच्या सेवेला किती तारे द्याल’ असे विचारणारा चौकोन समोर आला.

त्या कुरिअरच्या मुलावर माझा राग नाही. नंतर तो दुसरे पार्सल घेऊन शेजारी आला होता, तेव्हा मी त्याला थांबवून विचारले. आमच्या वाडीकडे येणारा चढ पावसात दुचाकीवरून पार करणे सोपे नाही, खालच्या वळणापासून रेंज जाते, आणि त्याला पैसे मिळतात ते पोचवलेल्या पार्सलमागे. पेट्रोल त्याचेच. त्याने सांगितले, “संध्याकाळपर्यंत प्रत्येक पार्सलला काहीतरी कारण टाकावंच लागतं काकू, रिकामं सोडता येत नाही. ‘वेळ पुरला नाही’ असं कारण त्यात नाहीच.” हे ऐकून मला कळले की खोटे बोलायची सोय यंत्रातच करून ठेवली आहे आणि खरे बोलायची नाही. एका पोराच्या अंगावर पन्नास वाड्या टाकायच्या आणि त्याने खोटे कारण दाबले की त्याचा भार ग्राहकावर ढकलायचा, यात मधली कंपनी दोन्हीकडून नामानिराळी राहते.

आपल्याकडे घरपोच वस्तू येणे नवीन नाही. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन याच चढावरून येत होता. रजिस्टर पत्र दिले की घेणाऱ्याची सही व्हायची, आणि पोचपावती जोडलेली असली तर ती सही पाठवणाऱ्याकडे परत जायची. वस्तू मिळाली की नाही हे ज्याला मिळायची त्याने सांगायचे, अशी ती रीत होती. आता ते देणारा सांगतो आणि घेणाऱ्याने आयुष्यभर नाकारत बसायचे. ओटीपी ही सहीच आहे. पण ती वस्तू बघण्याआधी, फोनवरून, घाईघाईत मागितली जाते. कोऱ्या कागदावर सही मागण्यासारखेच हे झाले.

कायदा नाही असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ऑनलाइन खरेदी करणाराही ग्राहक आहे, हे स्पष्ट लिहिले आहे. जुलै २०२० मध्ये आलेल्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचे नाव, पद, संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच त्याने ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात ती सोडवायची. वस्तू सदोष असेल, खोटी असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. सांगितलेल्या मुदतीनंतर आलेली वस्तूही, काही अपवाद सोडता, परत घ्यावी लागते. तक्रारीला क्रमांक द्यावा लागतो, म्हणजे पुढे काय झाले ते बघता येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर ग्राहकाला गोंधळात टाकणाऱ्या तेरा क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वेही निघाली. गुपचूप यादीत वस्तू घुसवणे, शेवटच्या पानावर रक्कम वाढवणे असे प्रकार त्यात आहेत.

पण हा तक्रार निवारण अधिकारी शोधून बघा. आमच्या कंपनीच्या ॲपमध्ये तो पानांच्या पानांखाली, बारीक अक्षरांत, इंग्रजीत सापडला. सामान्य माणूस तिथवर पोचत नाही. तो गूगलवर कंपनीचे नाव घालून कस्टमर केअरचा नंबर शोधतो, आणि तिथे चोर बसलेले असतात. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांचे असेच झाले. नंबर फिरवला, पलीकडचा माणूस अत्यंत गोड मराठीत बोलला, रिफंडसाठी एक ॲप घ्या म्हणाला, त्यातून मोबाइलचा पडदा त्याला दिसू लागला आणि खात्यातली रक्कम गेली. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे आणि जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम गोठण्याची शक्यता जास्त, हे त्यांना नंतर समजले. कंपन्या आपला खरा नंबर लपवतात म्हणून खोट्या नंबरांचा धंदा चालतो. या चोऱ्यांची काहीएक जबाबदारी कंपन्यांवरही आली पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

आमचे काम अखेर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनमुळे झाले. १९१५ हा तिचा क्रमांक. तिथे मराठीत बोलता येते, हे मुद्दाम लिहिते, कारण अनेकांना ते माहीत नाही. तक्रार नोंदवल्यावर कंपनीने पैसे परत केले. मात्र सोबतच्या ईमेलमध्ये लिहिले होते की ही रक्कम ‘सदिच्छा म्हणून, अपवादात्मक बाब’ समजून देत आहोत. चूक झाली असे एक अक्षर नाही. ॲपमध्ये त्या ऑर्डरपुढे ‘विनंती नामंजूर’ हे शब्द आजही तसेच आहेत. आमच्याच हक्काचे पैसे आम्हाला उपकार म्हणून मिळाले आणि संशय कायम राहिला. ती नोंद पुसा अशी मागणी मी लेखी केली आहे.

ग्राहक आयोगाकडे जाता आले असते. आता आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल करता येते. या चांगल्या सुधारणा आहेत. पण तक्रार शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावी असे कायद्यात लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात तारखा किती पडतात हे सर्वांना माहीत आहे. काही हजारांच्या मिक्सरसाठी कोण रत्नागिरीचे खेटे घालणार? कंपन्यांनाही हे पक्के ठाऊक असते.

म्हणून शासनाने नियमांत एवढे घालावे. घरी कोणी नव्हते किंवा ग्राहकाने नाकारले अशी नोंद करायची तर त्या वेळी पार्सलवाला कोठे होता आणि त्याने फोन केला होता का, याचा पुरावा कंपनीने ठेवावा. ती नोंद होताच ‘हे खोटे आहे’ असे मराठीत कळवायची सोय ग्राहकाला मिळावी, आणि त्याने तसे कळवले तर सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची असावी. ओटीपी वस्तू हातात घेऊन, खोका उघडून पाहिल्यावरच मागावा. विजेच्या वस्तूचा सिरियल नंबर पाठवतानाच बिलावर यावा, म्हणजे अदलाबदल कोणाकडे झाली हे कळेल. परत आलेली वस्तू पुन्हा विकायची तर तसे सांगून, कमी किमतीत विकावी. आणि पार्सल आणणाऱ्या मुलाच्या मशीनवर ‘आज जमले नाही’ हे कारण असावे. त्याला ते दाबल्याबद्दल दंड होऊ नये.

दिल्लीत नियम बदलायला वेळ लागेल. जिल्ह्यात मात्र आजही काही करता येईल. २०१९ च्याच कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली ग्राहक संरक्षण परिषद असते आणि तिच्या वर्षातून किमान दोन बैठका व्हाव्या लागतात. रत्नागिरी जिल्ह्याच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि तालुक्यांतल्या कुरिअर शाखांच्या चालकांना तिथे बोलवावे, अशी माझी जाहीर विनंती आहे. आपल्या दैनिकाने जिल्हा आवृत्तीत वाचकांकडून असे खोटे संदेश मागवले तर परिषदेपुढे ठेवायला पुरावा गोळा होईल. माझ्याकडचे सर्व संदेश, हळदीच्या रिंगचे आणि दोन्ही नंबरांचे फोटो व तक्रारीचा क्रमांक मी जपून ठेवले आहेत, आणि बोलावले तर बैठकीला स्वतः येईन.

आपली नियमित वाचक,
देवरुख परिसर, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी