बाबा, आर्च मॅनिंगचं नेमकं काय बिघडलं होतं ते सांगतो

ऑस्टिन, ९ डिसेंबर २०२५

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर हे नीट होत नाही, बाबा काहीतरी विचारतात, मी सांगायला लागतो आणि तेवढ्यात आई फोन घेऊन जेवलास का, थंडी पडली का सुरू करते, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकूया, पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतोय, आईने अक्षर मोठं करून वाचावं, डोळ्याला ताण देऊ नकोस.

तर बाबांचा प्रश्न. आर्च म्हणजे इथल्या टेक्सास युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक, बॉल हातात घेऊन पास फेकणारा मुख्य गडी. एवढ्या घराण्यातला पोरगा, सीझनच्या आधी टेक्सासची टीम देशात एक नंबर, मग एका मॅचला त्याचे सलग दहा पास खाली कसे पडले?

घराणं खरंच मोठं आहे. आजोबा आर्ची मॅनिंग, काका पेटन आणि ईलाय, तिघंही क्वार्टरबॅक, दोन्ही काकांकडं दोन-दोन सुपर बोल, म्हणजे प्रोफेशनल लीगची फायनल दोन-दोनदा जिंकलेली. आर्चचे वडील कूपर पण चांगले खेळायचे पण अठराव्या वर्षी मणक्याचा आजार निघाला आणि खेळ बंद. आता असा पोरगा म्हटल्यावर पहिली मॅच खेळायच्या आधीच लोकांनी त्याला चॅम्पियन करून टाकलं. ३० ऑगस्टला कोलंबसला ओहायो स्टेटशी पहिली मॅच, १४-७ ने हरले. एकदा तर गोललाइनपासून एक यार्डावर होते, चौथा म्हणजे शेवटचा चान्स (दहा यार्ड पुढं जायला चारच मिळतात), तो स्वतःच बॉल घेऊन घुसला आणि समोरच्यांनी तिथंच दाबला. टीव्हीवाले काय, लगेच सुरू, नाव मोठं लक्षण खोटं टाइप.

दहा पासची मॅच दोन आठवड्यांनी, १३ सप्टेंबर, एल पासोची टीम, म्हणजे आपल्यापुढं अगदीच किरकोळ. मी स्टेडियममध्येच होतो. सप्टेंबरातलं इथलं ऊन म्हणजे विचारू नका, पत्र्याचे बाक तापलेले, लाखभर माणूस भगव्याला जवळ जाईल अशा विटकरी रंगाच्या शर्टात. पहिले दोन-तीन पास चुकले तेव्हा लोक नुसते उसासे टाकत होते. मग एक अगदी साधा, दहा पावलांवर मोकळा उभा असलेला माणूस, त्याच्या पायाशी टाकला, आणि आमच्या मागून कुणीतरी हुर्यो सुरू केली ती बघता बघता अख्ख्या स्टँडमध्ये. स्वतःच्याच पोराला! बाबा, कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील-खंडोबा तालमींच्या फुटबॉल मॅचला तुम्ही मला खांद्यावर घेऊन जायचा तेव्हा शिव्या लई ऐकल्यात, पण त्या समोरच्या तालमीला, आपल्याला कुणी घातल्या तर तिथंच मारामारी. इथं आता या पोरांना पैसे मिळतात, २०२१ पासून जाहिरातींचे आणि या जुलैपासून थेट युनिव्हर्सिटीकडून पण, त्यामुळं तिकीटवाल्याला वाटतं आपण बोलायचा हक्क विकत घेतलाय. मला हे पटत नाही. वीस-एकवीस वर्षाचं पोरगं आहे हो. शेवटी २५ पैकी ११ पास लागले, मॅच २७-१० ने जिंकली तरी लोक तोंड पाडून बाहेर.

आता खरं कारण, जे टीव्हीवर कमी सांगतात. क्वार्टरबॅकच्या हातात बॉल आला की त्याच्याकडं जेमतेम अडीच-तीन सेकंद असतात, तेवढ्यात चार-पाच ठिकाणी बघायचं, कोण मोकळा आहे ते ठरवायचं आणि फेकायचं. ते अडीच सेकंद त्याला मिळवून देतात पुढं उभे असलेले पाच जण, एकेक जण १४० किलोच्या घरातला, त्यांनी समोरून धावून येणाऱ्यांना अडवून धरायचं. बॉलला हात लावत नाहीत, टचडाउन (बॉल गोललाइनपार नेणं) करत नाहीत, त्यांचं नाव फक्त चुकले की घेतात. गेल्या वर्षीच्या या पाचातले चार जण एकदम गेले, सगळे प्रोफेशनलला. त्यातला डाव्या बाजूचा केल्विन बँक्स तर ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रोफेशनल टीम पाळीपाळीनं कॉलेजची पोरं निवडतात त्यात, नवव्या नंबरवर उचलला गेला, आणि उचलला कुणी तर न्यू ऑर्लीन्स सेंट्सने, म्हणजे आजोबा आर्चींच्याच जुन्या टीमने. ते सेंट्सकडून एवढी वर्षं खेळले, मार खाल्ला, हरण्यापेक्षा जिंकणं जास्त असा एकही सीझन बघितला नाही, आणि आता नातवाला राखणारा गडी त्याच टीमने नेला. मला हे वाचल्यावर हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं.

नवीन पाच जणांना एकमेकांचा अंदाज यायला वेळ लागतो. ४ ऑक्टोबरला फ्लोरिडाशी हरले २९-२१, त्यात याला सहा वेळा बॉलसकट खाली पाडलं. धावून बॉल पुढं नेणं पण जमत नव्हतं, मग पहिल्या दोन चान्समध्ये काहीच नाही, तिसऱ्या चान्सला सगळं ओझं याच्या हातावर, आणि समोरच्याला आधीच माहीत की आता हा फेकणार. कोच स्टीव्ह सार्किशियन सगळे प्ले स्वतः ठरवतात, त्यांनी पण लांब लांब पासचा नाद सुरुवातीला फार केला असं माझं मत. पण सगळं त्या पाच जणांवर ढकलू नका हं बाबा, एल पासोच्या मॅचला त्याला वेळ होता. तिथं पायच जागेवर नव्हते, दहा-पंधरा मॅचमध्ये कुणी धडकून धडकून सवय लावली तर ते समजतं, पण इथं कुणी अंगावर यायच्या आधीच हा मागं सरकत, हात आडवा करून फेकत होता. घाई. डोक्यातली घाई पायात उतरली की असंच होतं.

आईचा प्रश्न वेगळाच, त्याची आई मॅच बघते का. बघते गं, टीव्हीवाले सारखा घरच्यांवर कॅमेरा लावतात, मला नाही आवडत ते. ऑक्टोबरच्या शेवटी मिसिसिपी स्टेटशी शेवटच्या क्वार्टरला ३८-२१ ने मागं होते, यानं बरोबरीत आणली, ३४६ यार्ड पास केले आणि ओव्हरटाइममध्ये डोक्याला मार लागून बाहेर. बदली आलेल्या पोरानं पहिल्याच बॉलला टचडाउन पास टाकला, ४५-३८. तेव्हा घरच्यांना काय झालं असेल कोण जाणे. पण पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी सोडला आणि व्हँडरबिल्टला ३४-३१ ने हरवलं.

मधे जॉर्जियाकडून ३५-१० असा सपाटून मार खाल्ला, ते पण सांगायला हवं, नाहीतर बाबा म्हणतील पोरगा एकच बाजू सांगतोय. मग नेहमीच्या सीझनची शेवटची मॅच टेक्सास ए अँड एम, इथलं जुनं वैर, ते तोवर एकही हरले नव्हते. त्यांना २७-१७ ने हरवलं. शेवटच्या क्वार्टरला हा बॉल घेऊन स्वतः ३५ यार्ड पळाला, थेट टचडाउन. आणि ज्या स्टँडमध्ये हुर्यो झाली तिथलेच लोक एकमेकांच्या गळ्यात! नऊ जिंकल्या, तीन हरल्या, चॅम्पियन ठरवणाऱ्या बारा टीमच्या प्लेऑफमध्ये नाव नाही आलं, आता सीझननंतरची एक जादा मॅच ३१ डिसेंबरला ऑरलँडोला मिशिगनशी आहे.

बाबा, ए अँड एमच्या मॅचची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतोय. एकदा बॉलकडं न बघता फक्त ते पाच जण बघा, तुम्हाला कळेल, सप्टेंबरला एकेकटे धडकत होते आणि इथं दोघं मिळून एकाला धरतात, तो गेला की दुसऱ्याला. टीव्हीवर मोठ्या स्क्रीनला लावा, मोबाइलवर काही दिसत नाही. मुंबईहून ताई आली की तिच्याकडून लावून घ्या.

आई, मोतीबिंदूची तारीख पुढं पुढं ढकलू नकोस. लग्नसराई संपू दे म्हणतेस, लग्नसराई दरवर्षी असते. डॉक्टरांनी जानेवारी सांगितलाय तर जानेवारीच. बाबा, बीपीची गोळी सकाळची चुकते असं ताई म्हणाली, ती चहाच्या आधी घ्यायची आहे, चहा झाला की तुम्ही पेपर घेऊन बसता मग राहते ती राहतेच. ऑपरेशनची तारीख कळली की त्याच दिवशी मला मेसेज टाका, तिकिटं महाग व्हायच्या आत काढतो.

तुमचा
बंटी